खाटेखालच्या चपला

गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले, तर माझी साखर वाढलेली निघाली. ती उतरेपर्यंत वॉर्डात पडून राहायचं होतं. पडल्या पडल्या समोर दिसायच्या त्या शेजारच्या खाटेखालच्या, यमुनाबाईंच्या चपला. दोन्ही बाहेरच्या कडेला झिजून पार कागद झालेल्या, आतून मात्र जाडच्या जाड. फेंगड्या पायांनी वर्षानुवर्षं चालल्याची खूण. त्यांचंही गुडघ्यांचंच ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी बाई काठीने त्या चपला सारख्या दाराच्या दिशेने लावत राहिल्या.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं. चपलांत पाय सरकवताच त्या कुरकुरल्या, “अगं सूनबाई, या कुणाच्या आणल्यास? बाहेर कलंडतेय मी.”

“तुमच्याच आहेत, आई.”

बाईंनी खाली पाहिलं. चपला त्याच होत्या, पाय सरळ झाले होते. “अगं बया!” म्हणून त्या हसल्या. कळ आली तसा त्यांनी ओठ चावला, पण हसू काही गेलं नाही.

दुखण्याच्या मापाच्या किती गोष्टी आपण आपल्या म्हणून वापरत राहतो! माझी भीतीही तशीच, वापरून वापरून पायात बसलेली.

साखर उतरली, उद्या माझी पाळी. धडधड आहेच. तरी मघाशी लेकाला फोन केला, “परवा येताना नव्या चपला आण.”

“आई, आधी ऑपरेशन तर होऊ दे.”

“ते होईल रे. तू चपला आण.”