गादीवाल्यांपासून सावधान

सोशल मीडियाच्या कंपन्यांनी जगाचं भलं केलं की वाटोळं, यावर आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षकांचा वाद रंगायचा. मी हिरिरीने वाटोळ्याच्या बाजूने बोलायचो. माझ्या स्वतःच्या अंगठ्याने काय करून ठेवलं होतं, ते मात्र कुणाला सांगत नसे.

अकोटजवळच्या आमच्या गावातली गोष्ट. बोंडअळीने कापूस खाल्ला, ते वर्ष. तरीही पहिल्या वेचणीतला थोडा कापूस गादीसाठी बाजूला ठेवायची रीत आईने मोडली नाही. दिवाळीनंतर पिंजारी चाचा अकोटहून यायचे आणि आमच्या अंगणात रुई पिंजून गाद्या भरायचे. ते आमच्याकडे बसले की गल्लीतलं सगळं काम तिथेच चालून येई. थंडीचे दोन महिने हीच त्यांची कमाई.

त्या वर्षी चाचा आलेच नाहीत. आईने भुणभुण लावली, "चाचा काहून नाई आला रे औंदा? जाय, पाहून ये."

अकोटला गेलो. चाचा बाजेवर बसलेले, कापूस पिंजायचं पिंजण खुंटीला टांगलेलं. म्हटलं, "तब्येत बरी नाही का चाचा?"

"तब्येत चांगली हाय गुरुजी. पन तुमीच त गावच्या ग्रुपवर धाडलं ना, गादीवाल्याच्या भेसात चोर फिरून राहिले, दारात उभं करू नका म्हनून. म्या म्हनलं, उगाच कोनाले शक नको. बसलो घरी."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. तो मेसेज मी पुरता वाचलाही नव्हता, नुसता पुढे ढकलला होता. चाचा त्याच ग्रुपवर आहेत, हेही ध्यानात नव्हतं.

"चाचा, ते खोटं होतं हो."

"तुमी धाडलं म्हंजे खरंच असन ना! म्या त जावयालेही धाडला. तोही पिंजारीच. म्हनलं, जपून राह्य."

आईला सांगितलं, तर तिने मला चांगलंच फैलावर घेतलं. "जिथं धाडलं, तिथंच कबूल कर."

दुसऱ्या दिवशी मी बोलावल्यावरून चाचा अंगणात येऊन पिंजायला बसले. त्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ती बातमी खोटी होती, मी न वाचता पाठवली, चूक माझी. माझ्या विद्यार्थ्यांचे आईबापही त्याच ग्रुपवर होते. मग चाचांनी दाढीतला कापूस झटकला, फोन तोंडाजवळ धरला आणि माझ्यासमोरच बोलून पाठवलं, "गुरुजीले कोनी काई म्हनू नका. शिकेल मानूस हाय, होते चुकी. गादी कोनाची भरायची हाय, ते सांगा."

दुपारपर्यंत अंगणात जुन्या गाद्यांचा ढीग लागला. ज्या ग्रुपने चाचांना घरी बसवलं, त्यानेच त्या आणल्या. आमच्या गादीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, आणि त्याचं मला फार समाधान वाटलं.