दोन रॅक आणि एक घास

फॉइल उघडून मी एक बरगडी उचलली, तर नुसतं हाड हातात आलं. मांस खालीच राहिलं. परीक्षकांकडे बॉक्स पोचवायला अठरा मिनिटं उरली होती.

घरी असं झालं की मी खूश होते. लंडनच्या ईलिंगमध्ये माझं केटरिंग आहे. सुरुवात घरच्या ओव्हनवर केली, आता हाताखाली तीन माणसं आहेत. पार्टीत लोकांना पोर्क रिब्ज, म्हणजे बरगड्या, अशाच लागतात, बोट लावलं की हाड सुटलं पाहिजे. आपल्याकडे मटणाची परीक्षाही हीच. मागच्या वर्षी बार्बेक्यू कॉम्पिटिशनला मी त्याच तोऱ्यात गेले आणि शेवटची आले. स्कोअरशीटवर एकच शब्द होता: ओव्हरकुक्ड. तो कागद मी फ्रिजवर लावला. रोज दूध घेताना दिसायचा, रोज डोकं तापायचं.

कॉम्पिटिशनचं गणित वेगळं असतं. परीक्षक प्लेटभर खात नाही, एक घास घेतो. सगळं त्या एका घासात कळावं म्हणून सॉस घरच्यापेक्षा गोड आणि झणझणीत करायचा. चावलं तिथे दातांची स्वच्छ खूण उमटली पाहिजे, बाकीचं मांस हाडालाच राहिलं पाहिजे. रिब्ज आधी स्मोकरमध्ये धुरावर भाजतात, मग बटर आणि ब्राउन शुगर घालून फॉइलमध्ये गुंडाळतात. मऊपणा येतो तो फॉइलमध्ये. घरी मी दोन तास ठेवते. इथे सव्वा तास, बस.

या वर्षी नुसता अपमान धुवायचा नव्हता. आमच्या भागातल्या एका पबचं किचन शनिवार-रविवार बंद असायचं. तिथे माझं जेवण विकायला मला रविवार हवा होता.

मालक मार्टिन म्हणाला, "पहिल्या तिघांत ये. रविवार तुझा."

"पहिल्या पाचांत."

"शेवटचा नंबर आलेली बाई घासाघीस करते?"

"म्हणूनच करते. पाच."

त्याने हसत हात पुढे केला.

कॉम्पिटिशनच्या दिवशी रिब्ज फॉइलमध्ये जाऊन तास झाला होता, तेवढ्यात समोरून कॉलिन गेला. मुख्य परीक्षक. 'ओव्हरकुक्ड' त्यानेच लिहिलं होतं. "अहो, जरा इकडे बघा, आलेच," असं विलासना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगून मी त्याच्यामागे गेले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा स्मोकर कोण बघतंय?"

मी पळत आले. सव्वा तास केव्हाच उलटून गेला होता. विलास खुर्चीत निवांत.

"उघडलं नाहीत?"

"मऊ होऊ दे म्हटलं. हाड सुटलं पाहिजे, तूच म्हणतेस ना?"

"ते घरी!"

"मग भांडायला जाताना सांगून जायचं."

मी पहिल्या रॅकची, म्हणजे बरगड्यांच्या अख्ख्या पट्टीची, फॉइल उघडली आणि ते नुसतं हाड हातात आलं.

दुसरी रॅक स्मोकरच्या दाराजवळ होती. तिथे आच कमी लागते. फॉइल फाडली, हाड हलवून पाहिलं. हललं, पण सुटलं नाही. मला ओरडावंसं वाटलं. सॉस लावला, पाच मिनिटं पुन्हा आचेवर ठेवली, सहा परीक्षकांच्या सहा बरगड्या कापल्या. विलास बॉक्स घेऊन असे धावले की लग्नानंतर मी त्यांना तसं धावताना पाहिलंच नव्हतं. दीड मिनिट राखून पोचले.

निकाल खालून वाचत आले. सहाव्या नंबरपर्यंत माझं नाव नाही. वाटलं, गेलं. आणि पाचव्याला माझं नाव. मी विलासना मिठी मारली, सॉसच्या हातांनीच.

आमच्या तंबूत परतलो तर निकाल बघायला आलेला मार्टिन बिघडलेली रॅक बोटांनी संपवत होता. "पबमध्ये हे ठेव. ते बॉक्सवालं नको."

"हे हवं असेल तर शनिवारही माझा."

त्याने आधी बोटं चाटली, मग हो म्हटलं.

महिन्याभरात एका रविवारी कॉलिन पबमध्ये जेवायला आला. प्लेटमध्ये फक्त हाडं उरली. ती उचलताना मी विचारलं, "ओव्हरकुक्ड?"

"इथे मी जेवायला आलोय," तो म्हणाला, आणि आणखी अर्धी रॅक मागवली.

परीक्षकासाठी दातांचा विचार करून शिजवायचं, गिऱ्हाइकासाठी बोटांचा. आणि फॉइल बंद असेपर्यंत कुणाशी भांडायचं नाही. कागद फ्रिजवर आहे तिथेच आहे.