रुमालाखालचा सौदा

मे महिन्याची अठरा तारीख. रक्कम एक हजार रुपये, इसाराची. हजर माणसे पाच: माझे वडील, म्हणजे आबा, मी, माझी बायको, सिद्धेश्वरकडच्या एका तांड्यावरून आलेला शेतकरी, आणि त्याने भाड्याने आणलेल्या टेम्पोचा चालक. जागा हट्टा गावातले आमचे अंगण.

शेतकरी बैल न्यायला आला होता. बैल आमचे होते आणि ते विकले गेले आहेत, हे मला त्याच्या तोंडून कळले.

"परवा बाबांनी सौदा केला, भाऊ. शहाऐंशी हजाराला ठरला. हजार इसार दिला, हे पंच्याऐंशी. मोजून घ्या."

परवा मी हळद घेऊन वसमतला गेलो होतो आणि बायको शेतात होती. आबा रस्त्याकडेच्या लिंबाखाली, बैलांजवळ बसून होते. शेजारी अधूनमधून बघून जात होते. म्हातारा माणूस कुणाशी तरी गप्पा मारतोय, एवढेच त्यांना दिसले असणार.

आबांनी चाळीस वर्षे बैलांची दलाली केली. बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि भाव बोटांनी सांगतात. कोणते बोट धरले, किती धरले, कसे दाबले, यावरून आकडा कळतो. भोवती वीस माणसे उभी असली तरी एकालाही पत्ता लागत नाही. सौदा ठरला की इसार घ्यायचा. इसार घेतल्यावर मागे फिरायचे नाही. आबा फिरल्याचे कुणी ऐकलेले नव्हते.

पण हे आबा दोन वर्षांपासून आजारी होते. मला कधी ओळखत, कधी पाव्हणा समजत. घरात बसून "घरी सोडा मला" म्हणत. हिंगोलीच्या दवाखान्यात स्मृतिभ्रंश सांगितला, गोळ्या दिल्या, आणि वर असे सांगितले की महिन्यातून एकदा घरच्यांनी यायचे. पेशंटला आणायचे नाही. आजारी आबा आणि शाळा आमची, याचे मला नवल वाटले.

पहिल्या बैठकीत सात-आठ घरची माणसे होती. शिकवणाऱ्या बाईंना मी विचारले, माणूस साधारण किती टक्के विसरतो आणि किती महिन्यांत? मला हिशेब बांधायचा होता.

"टक्के राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरी तुम्ही काय करता ते सांगा."

मी सांगितले की रोज संध्याकाळी आबांना दहा प्रश्न विचारतो. मी कोण, आज वार कोणता, आपली जमीन किती. दहापैकी गुण देतो. मागच्या आठवड्यात चार होते, या आठवड्यात तीन.

नरसीकडची एक बाई मागून म्हणाली, "माही सासू मला पोलीस समजती. तिला किती देता?"

सगळे हसले, मीही हसलो. शिकवणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. "त्यांना प्रश्न कळत नाही, उत्तर येत नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच कळतं, की समोरचा माणूस आपल्याला पकडायला बसलाय." खोडून काढू नका, वाद घालू नका, त्यांना काय हवे आहे ते बघा, असे त्यांनी सांगितले. हातांना सवयीचे काम असेल ते काढून घेऊ नका. जन्मभर हातांनी केलेले बरेचदा शेवटपर्यंत टिकते, हेही सांगितले.

बायकोने हे मनावर घेतले. आबांच्या हातात ती दोऱ्या वळायला वाखाचे धागे देऊ लागली आणि दुपारची त्यांची कटकट कमी झाली. मी परीक्षा बंद केली, पण कुतूहल काही बंद झाले नाही. नेमके काय उरले आहे आणि ते कुठे उरले आहे?

शेतकरी बैल न्यायला आला त्या सकाळी ते कुतूहल आणि धास्ती एकदमच उसळली. पेरणी तोंडावर होती. घरचे कामाला लागलेले बैल गेले, तर ऐन वेळी तशी जोडी मिळणार नव्हती. बैल ठेवायचे, तर आबांचा शब्द मोडायचा. मला पुरावा हवा होता. मी शेतकऱ्यादेखतच विचारले.

"आबा, तुमी इसार घेतला का?"

"कशाचा?"

"बैलाचा."

"कुनाच्या बैलाचा?"

मी शेतकऱ्याकडे वळून म्हणालो, "बघा."

ते एक 'बघा' आबांना लागले. प्रश्न त्यांच्या लक्षात राहिला नसेल, पण मी त्यांना चारचौघांत उघडे पाडतोय हे बराबर समजले. काठी टेकत उठले. ओठ थरथरत होते. "म्या सौदा करून मुकरलो, असं म्हनायलास का रं? कोन आहेस तू?"

बायकोने मला गोठ्याकडे ओढले. "घेतली का पुन्हा परीक्षा?"

"मग काय करू? बैल देऊन टाकू?"

"बैल नका देऊ. पन मामाला खोटं पाडू नका. एवढ्या वर्षांत एक सौदा मोडला न्हाई त्यांनी. आज तुमी त्यांच्या तोंडावर मोडला, तर काय झालं ते इसरतील, पन जीव दिवसभर तळमळंल."

मग तीच शेतकऱ्याजवळ गेली आणि हळू आवाजात आबांचा आजार आणि आमची पेरणीची अडचण सांगून टाकली. गावात आम्ही तोवर आजाराचे कुणाला धड सांगितले नव्हते. कसे सांगायचे तेच माहीत नव्हते.

शेतकऱ्याने एकदा आबांकडे, एकदा स्वतःच्या बोटांकडे बघितले. "मला तर कायबी कळलं न्हाई, वहिनी," तो म्हणाला. "बोलत कमी होते, पन बोटं अशी चालली की माझाच घाम निघाला. म्या सत्तरवर बसलो होतो. शहाऐंशीला नेलं मला."

टेम्पोवाला तोंडातले पान सावरत म्हणाला, "म्हंजी ध्यानावरच्या मानसाला बिनध्यानाच्या मानसानं लुटलं."

"लुटलं काहून? भाव बराबर हाय."

भाव खरेच बराबर होता. वसमतला मी तशाच जोडीचा भाव ऐकून आलो होतो. ज्या माणसाला चालू साल सांगता येत नाही, त्याला चालू भाव कसा ठाऊक? मी शेतकऱ्यालाच विचारले.

"त्यांना ठाऊक कशाला लागतंय? माझ्या हाताला ठाऊक हाय की," तो म्हणाला. "हात सैल लागला की ते चढत्यात. म्या हात आवळला की थांबत्यात. शहाऐंशीला आवळला, तिथंच थांबले."

म्हणजे आकडा आबांच्या डोक्यात नव्हताच. तो समोरच्याच्या हातात होता आणि आबांनी तो तिथून काढून घेतला होता. माझ्या दहा प्रश्नांत असा एकही प्रश्न नव्हता.

शेतकरी जरा विचार करून म्हणाला, "रुमालाखाली झालाय, रुमालाखालीच मोडू." तो आबांसमोर जाऊन बसला. खांद्यावरचा रुमाल काढला. "बाबा, परवाचं जरा ऱ्हायलंय."

आबांनी हात पुढे केला. सगळी थरथर गेली. चेहरा कोरा झाला आणि नजर लिंबाच्या शेंड्यावर लागली. बाजारात दलाल बसतात तसेच. रुमाल हलत होता. आम्ही तिघे वाकून बघत होतो, पण दिसत काहीच नव्हते.

एकदम आबांनी हात ओढून घेतला.

"इसार देऊन खाली उतरतो व्हय? कोन्या बाजारात शिकला?"

"न्हाई जमत, बाबा. तकलीफ हाय."

"तुला न्हाई जमत तर बैलालाबी न्हाई जमत. मोडला सौदा!" मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ओ पाव्हणं, ह्याचा इसार देऊन टाका ह्याला. लेकराबाळाचा मानूस दिसतो."

खरे तर इसार दिल्यावर भाव पाडणाऱ्याचा इसार बुडतो आणि बाजारात त्याचे नाव खराब होते. ते त्या माणसाने आमच्यासाठी स्वतःवर घेतले होते. आबा मात्र तरतरीत दिसत होते. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला, पाच कप, साखर जास्त.

चहा पिताना मी शेतकऱ्याला विचारले, रुमालाखाली कितीवर उतरला होतात?

"भाव बोलत नसत्यात," तो म्हणाला आणि आबांनी मान डोलावली.

मग त्याने विचारले, "दवाखान्यात ह्यावर काय देऊन राहिले?"

"गोळ्या थोड्या. आमालाच जास्त शिकवून राहिले."

त्याने कप खाली ठेवला. "माझी चुलती अशीच हाय. निघून जाती, म्हनून आमी कडी लावून ठेवतो. दिवसभर दार वाजवती."

"तिला कुठंतरी जायचं असंल," बायको म्हणाली. "कुठं ते इचारून बघा. तिच्यासंगं चार पावलं चालून बघा. मग आना माघारी."

मी त्याला हिंगोलीच्या बैठकीचा दिवस सांगितला. फी नाही, आणि चुलतीजवळ दिवसभर जो माणूस असतो त्यानेच यायचे, हे दोनदा सांगितले.

आबांनी घेतलेल्या इसाराच्या नोटा त्यांच्या खिशात नव्हत्या, उशाखाली नव्हत्या, दोऱ्यांच्या टोपलीतही नव्हत्या. मी माझ्याजवळचे दिले. विकणाऱ्याकडून मोडले तर इसार दुप्पट द्यायची रीत आहे, म्हणून दोन हजार पुढे केले. त्याने एकच ठेवून घेतला. "मोडला कुनी? म्या," तो म्हणाला. टेम्पोचे येण्या-जाण्याचे अठराशे ठरले होते. ते मी शेतकऱ्याला देऊ दिले नाहीत. टेम्पोवाला म्हणाला, जाताना गाडी रिकामी आहे, शंभर कमी द्या.

दिले ते असे: एक हजार शेतकऱ्याला, सतराशे टेम्पोवाल्याला.