नकाशातली ओसरी

माळव्यातल्या माधव नगरातली ती सात घरं एकाला एक लागून होती. संस्थानी काळात विलायती धर्तीवर बांधलेली. समोर एकच लांब ओसरी, तिला चौदा गोल खांब, आणि मधल्या घरावर मोठा त्रिकोणी दर्शनी भाग. रस्त्यावरून पाहिलं तर सात घरं नव्हे, एकच वाडा वाटे.

तिसऱ्या घरात, घरमालक काका-काकूंकडे, मी चार वर्षं भाड्यानं राहिले. मी इंजिनियरिंगला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. काकूंनी मला एकाही पेपरला उपाशी जाऊ दिलं नाही.

तिसऱ्या वर्षी कॉलेजसाठी मी त्या घरांच्या ओळीचं मोजमाप केलं. टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं. ते निवृत्त शिक्षक.

"खांब दगडाचे वाटतात ना? वाजवून बघ."

आत विटा होत्या, वर चुन्याचा गिलावा.

"आमच्यासारखेच. वरून साहेब, आतून माळव्याची माती."

आतून काकू म्हणाल्या, "मातीला चहा हवाय का?"

ओसरीत कुठंही आडभिंत नव्हती. पापड कुणाचेही, कुठंही वाळत. नवी सून आली की तिला पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत चालवत नेत आणि सातही दारांशी थांबवत. ओसरी कुणाची, असं विचारलं तर सगळे हसले, "सबकी!" म्हणून नकाशात मी घरांची हद्द आतल्या भिंतीशी आखली आणि ओसरीवर लिहिलं, 'सामाईक'. जुनी कागदपत्रं बघावीत, हे मला सुचलंच नाही. काकांनी तो नकाशा फ्रेम करून बैठकीत लावला.

पुढे मला इंदूरला नोकरी लागली. गेल्या वर्षी रस्ता रुंद करायची नोटीस आली तेव्हा काकांचा फोन आला. "काळजी नको बेटा. हरकतीच्या अर्जाला तुझा नकाशा जोडलाय."

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेले. अधिकारी सभ्य होते. त्यांनी माझ्या रेषेवर बोट ठेवलं.

"सर, आप ही के नक्शे में मकान दीवार पर खत्म है. आगे तो सबका रास्ता हुआ."

मी म्हटलं, तेव्हा मी विद्यार्थिनी होते, चूक माझी आहे. त्यांनी घराचे जुने कागद मागितले. कागदांत फक्त 'ओळीतलं तिसरं घर' एवढंच होतं. ओसरीचा उल्लेखच नव्हता.

परतताना ऑटोत काका म्हणाले, "नकाशा चांगला काढला होतास. त्यांना एका नजरेत कळला." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

रस्ता रुंद करताना ओसरी पाडली. खांब गेले, त्यांच्याबरोबर वरचा त्रिकोणही गेला. आता प्रत्येकानं आपापली दर्शनी भिंत आपल्या रंगात रंगवली आहे.

परवा भेटायला गेले. फ्रेम तिथंच होती. मी म्हटलं, "काका, ही काढून टाकू का?"

"राहू दे. ओसरी आता तेवढीच उरलीय."

थोड्या वेळानं ते पेपर घेऊन सवयीनं दाराकडे निघाले. दारापुढे आता सरळ रस्ताच आहे, म्हणून काकूंनी उंबऱ्यात खुर्ची आडवी ठेवलेली असते. काका खुर्चीपाशी थांबले, बाहेर पाहिलं, आणि परत येऊन माझ्याजवळ बसले.