काकूच्या शंभराच्या नोटा

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या काकूवर. वैशाख पौर्णिमेच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, तीर्थपुरीच्या बसथांब्यावर. मी छापलेल्या पत्रकात ठिकाण वेगळं आहे, दिवस वेगळा आहे आणि गुन्हेगारही वेगळा आहे. ते पत्रक खोटं आहे. अन्याय करणारा मी होतो.

आमची बस लुंबिनीला जाणार होती. पैशाचा कारभार माझ्याकडं, कारण मला बोलता येतं. मोर्चात बोलतो, पत्रकं लिहितो, बँकेतल्या साहेबाला उभ्या उभ्या जाब विचारतो. त्यामुळं याला सगळंच कळतं असं लोकांना वाटायचं. मलाही वाटायचं.

काकू याआधी दोनदा लुंबिनीला जाऊन आल्ती, पण आचाऱ्याच्या हाताखाली, यात्रेकरूंच्या भाकरी थापायला. या खेपेला ती पहिल्यांदाच स्वतःचं भाडं भरून येणार होती. इच्छा एकच: स्वतःच्या मजुरीतून तिथं चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, विकत घ्यायचं आणि त्यांना दान द्यायचं. दोन्ही खेपांना दुसरे लोक ते देतात हे तिनं चुलीजवळून, पिठाच्या हातानं पाह्यलं होतं. त्यासाठी कापूस वेचणीची मजुरी ती शंभराच्याच नोटांत मागून घ्यायची. मुकादम वैतागायचा. ही ऐकायची न्हाई.

त्या गुरुवारी मला वाटखर्चाला सुट्टे पाहिजे होते. बस्स, एवढंच कारण.

"काकू, ते पुडकं दे इकडं. पाचशेच्या घे, बाळगायला सोप्या."

"न्हाई रे. तिकडं पाचशेची चालत न्हाई. शंभराचीच घेतेत."

"कोण म्हणलं?"

"आचारी म्हणत व्हता."

"आचारी काय रिझर्व्ह बँकेत हाय का?"

बसची वाट बघत बसलेले सगळे हसले. काकूही हसली. तिला हसावंच लागलं. मग तिनं रुमाल सोडला आणि पुडकं माझ्या हातात दिलं. वरून मी म्हणालो, "आता फोनवरून देता येतंय सगळं."

त्या वेळी नेपाळात शंभरावरची आपली नोट खरोखरच चालत नव्हती. विचारायला दोन मिनिटं लागली नसती. मी कुणालाच विचारलं नाही, कारण मी विचारणारा माणूस नव्हतो, सांगणारा होतो.

लुंबिनीत चीवराच्या दुकानदारानं पाचशेची नोट बघितली आणि मान हलवली. माझ्या फोनला तिथं रेंजच नव्हती. शेजारच्या टपरीवरचा एक जण नोटा बदलून द्यायला तयार झाला, पण कमी भावानं. त्यानं तोंडावर सांगितलं की या नोटा मला सीमेपलीकडं न्यायच्यात, धोका माझा, म्हणून कापून देतो; नको असेल तर राहू द्या. काकूनं बदलून घेतल्या. चीवराला पैसे कमी पडले.

तेव्हा माझ्या कमरेच्या पिशवीत तिच्या शंभराच्या नोटा होत्या. सकाळपासून चहावाला, पार्किंगवाला त्या बिनतक्रार घेत होते. काकू जवळ आली. हळूच म्हणाली, "माझ्यातल्या थोड्या उरल्या असतील ना तुझ्याकडं?"

"त्या आता सगळ्यांच्या झाल्या, काकू. मला हिशेब द्यावा लागतो."

हे वाक्य मी सभेत बोलतो त्या आवाजात बोललो. बाकीचे ऐकत होते ना. ती म्हणाली, "बराबर हाय." मंग तिनं केळी घेतली, भिक्खूंना दिली, आणि बसमध्ये येऊन खिडकीकडं तोंड करून बसली.

गावी आल्यावर मी पत्रक काढलं, "सीमेवर गरिबाची लूट". टपरीवाल्याला दलाल म्हणालो, लुटारू म्हणालो. विहारात मोठ्यानं वाचून दाखवलं, टाळ्या घेतल्या. काकू मागं बसलेली. लोक उठल्यावर म्हणाली, "त्यात माझं नाव घातलं न्हाईस, बरं केलंस. पण तुझं का न्हाई घातलं?"

तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. म्हणालो, चीवराचे पैसे मी देतो, पुढच्या खेपेला घे. ती धान्य निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या पैशाचं दान माझं कसं व्हईल रे?" आणि चहा ठेवायला उठली. तो चहा मी पिलो. त्याचीही लाज वाटते.

आता पुढच्या सहलीची नोंदणी सुरू आहे आणि लोक पैसे घेऊन पुन्हा माझ्याच दारात येऊन राह्यले. तुम्हीही येणार असाल, तर माझ्याकडं येऊ नका. काकूच्या घरी जा. तिच्यासमोर खाली बसा, तिकडं काय चालतं आणि काय चालत न्हाई ते तिला विचारा, ती सांगेल त्याच नोटा आणा आणि तिच्याच हातात द्या.