आईनं गाडी काढली... थेट गडहिंग्लजपर्यंत

मागच्या शनिवारी आमच्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा हायवेला गाडी काढली... कोल्हापूर ते गडहिंग्लज. वय बासष्ट. शेजारच्या सीटवर मी, जीव मुठीत धरून.

गडहिंग्लजला माझी मावशी राहते. आईची सख्खी मोठी बहीण, रिटायर्ड नर्स. तिच्या घरी आम्ही सात-आठ वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याला निमित्त मी होते.

मी नवऱ्याचं घर सोडून, लेकीला कडेवर घेऊन माहेरी आले, त्या वर्षीच्या नाताळातली गोष्ट. का सोडलं ते सगळं इथं लिहीत नाही. अंगावरचे वळ आईनं पाहिले होते, एवढं पुरे.

सगळे नातेवाईक आमच्याकडे जेवायला जमले होते. मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "देवानं जोडलेलं मोडून आलीय ही. माझ्या पोराच्या लग्नात हिला आणू नका."

हातातला घास ताटात ठेवून आई आवाज न चढवता म्हणाली, "जिथं माझी लेक नको, तिथं मीपण नको." त्या दिवसापासून येणंजाणं, फोन, सगळं बंद.

यंदा चर्चमध्ये कुणाकडून तरी कळलं, मावशी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. काका कधीच गेले, मुलगा परदेशात. कामाची बाई येऊन जाते, बाकी वेळ एकटीच.

दोन-तीन दिवसांनी आई मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "तिला इकडं आणावं म्हणते. पण तुला चालत नसेल तर विषय संपला. हे घर आधी तुझं."

खरं सांगते, माझ्या मनात माफीबिफी काही नव्हती. पण वॉकर धरून एकटीच बाथरूमपर्यंत जाणारी मावशी काही डोळ्यांसमोरून हलेना... दुसऱ्या दिवशी म्हटलं, आण.

बाबा मात्र अडून बसले. "माझ्या पोरीला रडवलंय तिनं. मी तिच्या दारात गाडी नेणार न्हाय." मला गाडी चालवता येत नाही, म्हणून भाड्याची करू म्हटलं, तर आई ऐकेना. म्हणे, पाहुण्यांना आणायला भाड्याची गाडी पाठवतात, बहिणीला आणायला स्वतः जायचं असतं!

डॉक्टरांनी मावशीला दोनेक महिने प्रवास नको म्हणून सांगितलंय, हेही चर्चमधूनच कळलं होतं. "तेवढ्यात मी शिकते," आई म्हणाली. आम्हाला चेष्टा वाटली... बाईनं दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

सुरुवातीला गाडी कमी चालायची, गचके जास्त. "काकू, क्लच हळू सोडा की! रस्त्याकडं बघा, पायाकडं काय बघताय?" शिकवणारे सर गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडायचे. पहिल्या टेस्टला चढावर गाडी बंद पडली आणि आई नापास झाली.

घरी येऊन रडली. मग तोंड धुतलं आणि सरावासाठी बाबांकडे गाडीची किल्ली मागितली. बाबांनी खिशातून काढून दिली... पुढच्या टेस्टला पास!

तर शनिवारी आम्ही निघालो. निपाणी मागे पडली, तवंदी घाट आला. पुढे उसानं भरलेली ट्रॉली, मागून ट्रकचे हॉर्न. आई मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, आता तूच बघ," आणि गिअर बदलून सुर्रकन पुढे काढली गाडी. मी सीटवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

मावशी दारातच वॉकर धरून उभी होती. किती वाळली होती... "कुणी आणलं तुला?" तिनं आईला विचारलं. "कुणी नाही. माझी मी आले, तुला न्यायला," आई म्हणाली.

मावशीनं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. "मी न्हाय येत. कुठल्या तोंडानं येऊ या पोरीच्या घरात?"

या क्षणासाठी मी कितीतरी वाक्यं मनात धार लावून ठेवली होती. ऐन वेळी एकही आठवेना. तोंडातून आलं ते एवढंच... "मावशी, पुढची सीट मागं सरकवलीय. बसताना उशी देते. चल की."

ती तिथंच रडायला लागली. शेजारच्या बायका गोळा झाल्या होत्या, त्यांच्यादेखत म्हणाली, "चुकलं माझं, पोरी. तुझे वळ मला दिसले होते. नर्स हाय मी, मला कळत न्हाय व्हय? तसलेच माझ्याबी अंगावर होते. मी जन्मभर सोसलं आणि तू उठून आलीस, त्याचाच राग आला मला."

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. सख्ख्या बहिणीला! तिनं मावशीला मिठी मारली ती किती तरी वेळ सोडलीच नाही... वॉकर मी धरून ठेवला.

येताना मावशी पुढे, मी मागे. घरापाशी पोचलो तर बाबा फाटकाबाहेर उभे. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि हात पुढे केला. "पायरी उंच हाय, आक्का. धरा."

जुनं सगळं पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही. अजून कधीतरी आत दुखतं. पण मावशी आता आमच्या पुढच्या खोलीत असते, आणि चहात साखर किती घालायची यावरून दोघी बहिणी रोज भांडतात.

आज सकाळी मावशी माझ्या लेकीची वेणी घालत होती. मी दाराबाहेर होते, तिला दिसत नव्हते. "ऐक," ती पोरीला सांगत होती, "उद्या कुणी तुझ्यावर हात उचलला तर गप बसायचं न्हाय. आईसारखं उठून यायचं."

मी तिथंच थांबले... देवा, हे ऐकायला मिळालं. तुझे आभार कसे मानू?