जुनी प्लेट, नवी प्लेट

लोणावळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो. साठ-सत्तरचा काळ. शर्ट काढून मशीनसमोर उभा राहिलेला माणूस मनातलंच बोलतो, त्यामुळे किस्से गोळा करावे लागले नाहीत, आपोआप साठले!

पुण्या-मुंबईला कॅन्सरवर किरणांचे शेक घेतलेले पेशंट आमच्याकडे तपासणीला येत. जुनी आणि नवी प्लेट दिव्यासमोर शेजारी लावायची आणि डॉक्टर बघणार, गाठीची सावली किती आटली.

*

घाटात रेल्वेगाडीला मागून इंजिन लावतात, त्यावरचे एक ड्रायव्हर होते. फुप्फुसातली गाठ निम्मी झालेली. डॉक्टर समजावू लागले, तर म्हणाले, "साहेब, लांबण नको. सिग्नल सांगा!"

"पिवळा," डॉक्टर हसले.

"म्हणजे स्पीड कमी, पण गाडी चालू!" आणि बटणं लावत निघालेसुद्धा.

*

एक चिक्कीवाले शेठ. जुनी गाठ गेलेली, पण खाली नवीनच फिकट सावली! डॉक्टर चष्मा पुसून पुन्हा बघू लागले, शेठ घामाघूम.

मी जवळ जाऊन पाहिलं. "डॉक्टर, हिला चार कोपरे आहेत!"

थंडी वाजते म्हणून शेठनी बंडी काढलीच नव्हती. आतल्या खिशात शेंगदाण्याची चिक्की! शेठनी ती काढून तोंडात टाकली. "घ्या, ऑपरेशन सक्सेसफुल!"

*

टाकव्याच्या आबांना अन्ननलिकेचा कॅन्सर. घास उतरेना, नुसत्या पेजेवर होते. शेक झाल्यावर त्यांना बेरियम पाजलं. खडूच्या पाण्यासारखं औषध, गिळताना पडद्यावर दिसतं. मागच्या खेपेला छातीतच अडलेलं, या खेपेला थेट पोटात!

प्लेट बघून आबा म्हणाले, "पाट मोकळा झाला की! उद्यापास्नं भाकरी?"

"आधी मऊ भात."

"मग आमच्या घरच्या आंबेमोहरानं काय पाप केलंय!"

*

डोंगरावरच्या वाडीतल्या एक मावशी होत्या. डॉक्टरांनी दोन्ही प्लेटा दाखवल्या. "ही बघा गाठ, मुठीएवढी. आणि ही आजची प्लेट."

"हितली कुटं गेली?"

"विरघळली, मावशी."

त्यांनी नव्या प्लेटवरून हळूच बोट फिरवलं. "परत यील?"

डॉक्टर खोटं बोलत नसत. "सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"म्हंजी तीन म्हैनं तर माजं पक्कं!"

बाहेर व्हरांड्यात नवरा गुडघ्यांत मान घालून बसला होता. मावशींनी त्याच्यासमोर पदर खोचला.

"उठा! आदी जावांकडं जाऊ. वाटून टाकलेली माजी लुगडी परत आनायची हायती!"